एकदम ए-वन

निंदा करू नये, झालंगेलं उगाळत बसू नये, शेजाऱ्याशी आपली तुलना करू नये, उद्याची चिंता वाहू नये, असं संत आपल्याला सातशे वर्षं सांगत आले. पुण्यातल्या माणसावर त्याचा कितपत परिणाम झाला हे त्याला विचारू नये, त्याच्या शेजाऱ्याला विचारावं. पण जर्मन भाषेच्या पहिल्या वर्गात नाव घातलं की हे सगळे दुर्गुण आपोआप गळून पडतात. निंदा करायला शब्दच नसतात. उगाळायला भूतकाळ नसतो, तो अगदी शेवटच्या धड्यांत येतो. तुलनेला लागणारं 'पेक्षा' पुढच्या वर्गात आणि 'असं झालं असतं तर' त्याच्याही पुढे. उरतो तो एक निर्मळ, आज्ञाधारक, सतत हसतमुख माणूस. त्याला स्वतःचं नाव सांगता येतं, गाव सांगता येतं आणि समोरचं टेबल तपकिरी आहे हे सांगता येतं. त्यापलीकडे त्याचं जगाविषयी काहीही म्हणणं नसतं.

खोटेपणा तेवढा टिकतो, किंबहुना वाढतो. पहिल्या धड्यात प्रत्येकाला आपला छंद सांगावा लागतो. माझा खरा छंद वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधून संपादकांना पत्रं लिहिणं हा आहे. पण तो जर्मनमध्ये सांगायचा तर निदान तीन वर्षं शिकायला हवं. 'श्विमन' म्हणजे पोहणे हा शब्द मात्र हाताशी होता. म्हणून मी पोहतो. माझ्या शेजारचा मुलगाही पोहतो. त्याच्या पलीकडच्या मुलीला पाण्याची भीती वाटते, पण 'भीती' हा शब्द आमच्याकडे अजून आलेला नसल्यामुळे तीही पोहते. सबंध वर्गाला टिळक तलावाचे पास काढून द्यायला हरकत नव्हती.

या वर्गाला 'ए-वन' म्हणतात. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. ए-वनपासून सुरुवात, सी-टूला शेवट. आपल्याकडे 'एकदम ए-वन' म्हणजे ज्याच्या वर काही नाही असं. तिकडे ए-वन म्हणजे ज्याच्या खाली काही नाही असं. जर्मनीला जाणाऱ्या भाच्याने 'मामा, मी ए-वन झालो' असा फोन केल्यावर त्याच्या मामाने पेढे वाटले होते म्हणतात, ते यामुळेच.

ए-वनला काय यायला हवं याचं वर्णन त्या परिषदेने फार मायेने केलं आहे. स्वतःची ओळख करून देता यावी, साधे प्रश्न विचारता यावेत, आणि समोरचा माणूस सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर त्याच्याशी थोडंफार बोलता यावं. मी हे दोनदा वाचलं. सावकाश बोलणारा, स्पष्ट बोलणारा आणि वर मदत करायला तयार असलेला माणूस मला मराठीतसुद्धा आजवर भेटलेला नाही. बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे, तेव्हा हे अनुभवाने सांगतो. सी-टूचं वर्णन असं की कानावर पडलेलं जवळपास सगळं सहज समजतं. या कसोटीवर आमच्या घरातलं माझं मराठी बी-वनच्या वर जात नाही, असं आमच्या घरातल्या परीक्षकांचं मत आहे.

या वयात हे कशाला, असं बरेच जण विचारतात. मुलगी आणि जावई श्टुटगार्टला असतात. त्यांची चार वर्षांची लेक घरात मराठी बोलते, पण रागावली की जर्मनमध्ये रागावते. आपल्यावर कोणी रागावलं आहे आणि का ते कळत नाही, ही परिस्थिती संसारी माणसाला नवीन नाही. तरी एका चार वर्षांच्या मुलीकडून ती पुन्हा सुरू व्हावी हे पटेना.

तसं पुण्यात जर्मन अजिबात येत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि खरोखर येतं असा सापडणं त्याहून कठीण. याचं मूळ अकरावी-बारावीत आहे. मराठी घेतलं तर मार्क कमी पडतात, जर्मन 'स्कोअरिंग' आहे, असा शोध कुणीतरी कधीतरी लावला आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर पोसल्या. ज्या भाषेत वडिलांशी भांडता येतं तिच्यात साठ मार्क, आणि ज्या भाषेत पाणी मागता येत नाही तिच्यात पंचाण्णव. बारावी झाली की यातलं सगळं जातं आणि 'इश लीबं दिश' एवढं राहतं. तेही कुणाला म्हणून दाखवलं नाही म्हणूनच राहतं. माझ्या आजीच्या लेखी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. ते घासता घासता त्या देशाविषयी तिने जे मत बनवलं होतं ते फारसं चांगलं नव्हतं.

आता मात्र हवा बदलली आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या पलीकडे न गेलेली ही भाषा तालुक्याच्या गावांत जाऊन पोचली. आमच्या वर्गातच पाहा. एम. एस. करायला निघालेली तीन-चार मुलं आहेत. सांगलीची एक नर्स आहे, तिला बी-टूपर्यंत मजल मारायची आहे, कारण तिकडच्या रुग्णाने 'दुखतंय' म्हटल्यावर 'कुठं' हे विचारता यायला हवं. वायरमनचं काम करणारा बारामतीकडचा एक पोरगा आहे, तो व्याकरण सोडून बाकी सगळं आमच्या आधी शिकला. आणि एक नवी नवरी आहे. नवरा म्युनिकला. त्याच्याकडे राहायला जायचं तर व्हिसासाठी बहुतेकांना ए-वनचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे गुण जुळले, गोत्र आड आलं नाही, हॉल मिळाला, लग्न लागलं, आणि नवरी अडली ती कर्माच्या विभक्तीत. तिची सासू रोज फोन करून 'कुठपर्यंत आलं?' असं विचारते. गोड बातमी विचारावी त्या आवाजात विचारते, असं ती सांगते.

आमच्या बाई पंचविशीच्या आहेत. मराठी माणसं परक्या भाषेच्या वर्गात बसली की काय करतात ते त्यांना पाठ आहे: प्रत्येक गोष्टीचं मराठीशी नातं जोडतात आणि जोडलं गेलं नाही की संस्कृतशी जोडतात. पहिल्याच दिवशी 'डेर, डी, डास' ही तीन लिंगं फळ्यावर आली तेव्हा आम्ही मराठी मंडळी मागे रेलून बसलो. हिंदीवाल्यांना दोन, इंग्रजीवाल्यांना जवळपास एकही नाही. आपल्याकडे तो, ती, ते असं तिन्ही घरचंच. 'डास' नपुंसकलिंगी म्हटल्यावर जरा चुळबूळ झाली, कारण पुण्यातल्या डासांची वाढती संख्या पाहता ते पटणारं नव्हतं. पण ते सोडून दिलं.

रेलून बसणं फार टिकलं नाही. जेवणाच्या टेबलावर चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक निघाली. मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला जाऊन राहिला होता, आणि १८८० साली त्याने या भाषेवर एक लांबलचक वैतागलेला निबंध लिहिला. त्यात त्याची एक तक्रार अशी की या देशात सलगमला लिंग आहे आणि तरुण मुलीला नाही. खरंच, 'मेडशन' म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी. बिचारा अमेरिकन माणूस. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं म्हणणाऱ्या पिढीत तो जन्माला आला असता तर त्याला यात वावगं काही दिसलं नसतं.

पण 'असं का?' हा प्रश्न आमच्याही वर्गात निघालाच. भिंत बाई का, खिडकी नपुंसक का, याला काही नियम असेल की नाही? यावर मागच्या बाकावरची एक मल्याळी मुलगी मोठ्याने हसली. ती बारा वर्षांपूर्वी पुण्यात आली तेव्हा मराठी शिकली होती. तिने आम्हालाच विचारलं, "मला सांगा, खुर्ची ती, टेबल ते आणि पंखा तो, हे कोणी ठरवलं?" वर्गात शांतता. तिच्या भाषेत बाई ती आणि बुवा तो, आणि भिंतीला भिंतीच्या जागी राहू देतात. "माझं रडून झालंय तेव्हाच," ती म्हणाली, "आता तुमची पाळी." नंतरच्या चाचणीत लिंगांच्या प्रश्नाला सर्वांत जास्त मार्क तिलाच पडले. तिला कारण नको होतं. आम्हाला हवं होतं.

आकड्यांत मात्र आम्ही उट्टं काढलं. जर्मन माणूस २१ ला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे एक आणि वीस, म्हणतो. एकवीसच की! पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, सगळं आपल्याच चालीवर. इंग्रजी माध्यमाची मुलं एकमेकांचे फोननंबर उलटे लिहून घेत होती आणि मी पाढे म्हटल्यासारखा धडाधड उत्तरं देत होतो. नोकरीत शिकलेली एकच गोष्ट या भाषेत कामाला आली ती ही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' म्हणा असं सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! विधानसभेपर्यंत प्रकरण गेलं, कुणी कुणाच्या आडनावाचे आकडे करून दाखवले. मला वाटायचं असली भांडणं आपणच करतो. तर जर्मनीत बोखुम इथे गणिताच्या एका प्राध्यापकाच्या पुढाकाराने निघालेली एक रीतसर संस्थाच आहे. तिचं नाव 'त्स्वान्त्सिगआइन्स', म्हणजे शब्दशः 'वीसएक', आणि मागणीही तीच. जर्मन लोकांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक-आणि-वीस म्हणणं चालू ठेवलं. नॉर्वेने मात्र १९५१ मध्ये अधिकृतपणे उलटापालट करून टाकली, आणि तरीही तिथली बरीच माणसं अजून जुन्याच पद्धतीने मोजतात म्हणे. एकूण आकडे हा विषय कुठल्याही देशात अंगाशी येणारा. आमच्या वर्गातल्या एकाने त्याच दिवशी मला हळूच विचारलं, "काका, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन ना?" मी त्याला जर्मनमध्येच सांगितलं. ते त्याला लगेच कळलं.

उच्चारांविषयी फार लिहीत नाही, कारण ती लिहिण्याची गोष्टच नाही. दोन टिंबांचा 'उ' काढायचा तर ओठ 'ऊ'चे करायचे आणि त्यातून 'ई' म्हणायचं. हे वीस माणसं एकाच वेळी करत असताना चहावाल्याने दार उघडलं आणि मुकाट्याने मिटलं. 'इश'मधला 'श' हा श नाही, ह नाही आणि ख तर नाहीच. बाईंनी सांगितलं की मांजर फिस्कारतं तसा. वायरमनला तो पहिल्याच झटक्यात जमला. त्याच्या घरी मांजर आहे.

मला खरा त्रास झाला तो यातल्या कशाचाच नाही. तो झाला संवादांचा.

पाठ्यपुस्तकात एक वेगळंच जग असतं. तिथे प्रत्येकजण दुसऱ्याला भेटला की आनंदित होतो. कोणी कोणाला 'काय, इकडे कुठे?' म्हणत नाही. टोमॅटो ताजे असतात. दुकानदाराकडे सुटे पैसे असतात. माणसं परस्परांना वाटा विचारतात आणि विचारलेल्याला ती वाट खरोखर माहीत असते. अशा एका पानावर मला बेकरीवाल्याची भूमिका आली. नवरी गिऱ्हाईक. ती म्हणाली, "नमस्कार, मला चार पाव हवेत." मी पुस्तकात पाहून म्हणालो, "अवश्य. आणखी काही हवं आहे का?" ती म्हणाली, "हो, एक केकही." मी म्हणालो, "आनंदाने. आणखी काही?" आता, मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'आणखी काही?' असं विचारल्याचं मी पाहिलेलं नाही, 'एवढंच?' असं विचारल्याचं पाहिलेलं आहे. तिसऱ्यांदा 'आनंदाने' म्हणताना माझ्या आतला कोणीतरी तीव्रपणे हलला. मला तिला सांगायचं होतं की बाई, हे सगळं एकदम सांगितलं असतं तर मी एकदाच वळलो असतो. पण 'असतं तर' हे बी-वनला आहे. मी म्हणालो, "आनंदाने."

त्या दिवशी मला कळलं की टोमणा ही व्याकरणाच्या फार वरच्या मजल्यावर राहणारी गोष्ट आहे. 'वा, लवकर आलात!' या तीन शब्दांत उशीर, राग, वाट पाहणं आणि तरीही आपण सुसंस्कृत आहोत हा दावा, एवढं सगळं भरलेलं असतं. हेच मी ए-वनच्या जर्मनमध्ये म्हटलं तर त्याचा अर्थ फक्त तुम्ही लवकर आलात एवढाच होतो, आणि समोरचा 'धन्यवाद' म्हणतो. बाई एकदा वीस मिनिटं उशिरा आल्या तेव्हा मी हा प्रयोग करून पाहिला. त्यांनी माझं वाक्य शुद्ध असल्याबद्दल कौतुक केलं.

शब्द कमी असले की माणूस लहान होतो हे ठीक, पण तो चांगलाही होतो याची कल्पना नव्हती. घरी सराव म्हणून जेवताना जर्मन बोलायचं असं मी ठरवलं. जेवणाविषयी मला एकच वाक्य येत होतं: 'डास श्मेक्ट गूट', छान लागतंय. 'आमटी जरा आंबट झाली आहे', 'आईच्या हाताला वेगळीच चव होती', 'परवाची कुठे ती, आजची कुठे', यातलं एकही वाक्य ए-वनच्या आवाक्यातलं नाही. परवा भूतकाळ, आईच्या हाताला भूतकाळ, आणि शेवटच्याला तर तुलनेशिवाय गत्यंतर नाही. मग रोज रात्री मी 'डास श्मेक्ट गूट' म्हणत गेलो. पहिल्या आठवड्यात हिने ते संशयाने ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात जेवणात गोड पदार्थ येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात ती फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, भाषा फार चांगली आहे ती."

बाहेरही असंच. सोसायटीच्या सभेत मला कोणी बोलू देत नाही, कारण मी 'आमच्या वेळी' अशी सुरुवात करतो. वर्गात ती सोयच नाही. निवृत्त माणसाची सगळी इस्टेट भूतकाळात असते, आणि जर्मनचे पहिले आठ-दहा धडे ती गोठवून ठेवतात. मी बँकेत अधिकारी 'होतो' हे सांगता येईना म्हणून मी काही आठवडे अधिकारी 'आहे' असं सांगत राहिलो. एका मुलाने मला शैक्षणिक कर्जाविषयी विचारलंसुद्धा. वर्तमानात जगा, असं सांगणाऱ्या शिबिरांना लोक हजारो रुपये भरून जातात. त्यांनी ए-वनची फी विचारून यावी.

नातीशी व्हिडिओवर पहिल्यांदा बोललो तो प्रसंग थोडा वेगळा. तिने विचारलं, "ओपा, वास माख्स्ट डू?" काय करतोस? तिने मला थेट अरे-तुरे केलं, पण ते मला आधीच ठाऊक होतं. आपल्या अहो-जाहोला आणि अरे-तुरेला त्यांच्याकडे तंतोतंत क्रियापदं आहेत, 'झीत्सन' आणि 'डूत्सन', आणि घरातल्या माणसाला डूत्सन करायचं असतं. मी म्हणालो, "मी जर्मन शिकतो." तिने विचारलं, "वारुम?" का?

'का' हा शब्द ए-वनच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच येतो. पण 'कारण' जोडून वाक्य करायचं तर क्रियापद उचलून शेवटी नेऊन ठेवावं लागतं, आणि ते ए-टूला शिकवतात. म्हणजे प्रश्न एका वर्षी आणि उत्तर दुसऱ्या वर्षी. मराठीत क्रियापद शेवटीच असतं, तेव्हा मला हे जमायला हरकत नव्हती, पण 'कारण'ला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच अजून आमच्याकडे आलं नव्हतं. मी हसलो. तिने पुन्हा "वारुम?" केलं. मी म्हणालो, "मी पोहतो." यावर ती खूश झाली आणि आईला बोलावून आणलं, आणि आईने, म्हणजे आमच्या मुलीने, स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, तुम्ही कधीपासून पोहायला लागलात?"

अशा वेळी मी माक्स म्युलरची आठवण काढतो. भारतात गोएथे इन्स्टिट्यूटच्या केंद्रांना 'माक्स म्युलर भवन' हे नाव याच्यावरून. डेसाऊ गावी १८२३ साली जन्मला, ऑक्सफर्डला जन्म काढला, १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं सायणभाष्यासकट ऋग्वेद छापत बसला, आणि भारतात एकदाही आला नाही. मला यात फार धीर वाटतो. त्यालाही कधीतरी कुणीतरी 'देवः देवौ देवाः' घोकायला लावलं असणारच. फक्त त्याला कोणी 'वारुम?' विचारायला व्हिडिओवर आलं नाही, आणि चुकीचं लिंग वापरल्यावर हसणारे वैदिक ऋषीही आसपास नव्हते.

परीक्षा व्हायची ती झाली. शंभरातले साठ मिळाले की पास. ऐकण्याच्या भागात संभाषणं दोनदा ऐकवतात, पण घोषणा एकदाच. स्टेशनवर कुणी आपल्यासाठी दोनदा ओरडत नाही, हे खरंच आहे. त्यातली एक घोषणा गाडीला उशीर झाल्याची होती, आणि मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं, कारण जर्मनीत गाड्यांना उशीर होतो हे आपल्याकडच्या श्रद्धेत बसत नाही. नंतर जावयाने सांगितलं की २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे बासष्ट टक्केच वेळेवर धावल्या, आणि पाच मिनिटांचा उशीर धरला तर तोही 'वेळेवर'च. तेव्हा परीक्षेतली ती एकच गोष्ट खरी होती. लिहिण्याच्या भागात तीसेक शब्दांचं पत्र. मी हयातभर चार-चार पानी अहवाल लिहिले. सा. न. वि. वि. घातलं असतं तर त्यातच चार शब्द खर्ची पडले असते. पण तीस शब्दांत पत्र खरंच होतं. काय हवं आहे, कधी येणार, आभार, सही. रागावायला जागा राहत नाही.

तोंडी परीक्षेत नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद असं सांगायचं असतं. भाषांपाशी आल्यावर आमच्यातला प्रत्येकजण एकदम मोठा झाला. मराठी, हिंदी, इंग्रजी, नर्सला थोडं कन्नड, मल्याळी मुलीला तमिळही. परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. मग छंद आला आणि आम्ही सगळे ओळीने पोहलो.

भूतकाळ शेवटच्या धड्यांत आला, म्हणजे परीक्षेच्या थोडंच आधी. मदतीचं क्रियापद जागेवर, मुख्य क्रियापद 'ग'ची टोपी घालून वाक्याच्या टोकाला. मुलांनी 'मी काल पिझ्झा खाल्ला' वगैरे वाक्यं केली. मी उभा राहिलो आणि कामाची, बदल्यांची, सायकलवरून जाण्याची, चार आण्यांत मिळणाऱ्या वस्तूंची वाक्यं सुरू केली, ती बाईंनी घड्याळ दाखवेपर्यंत. एवढ्या दिवसांचं तुंबलेलं सगळं वाट मिळेल तसं बाहेर पडलं. सगळी वाक्यं शुद्ध होती असं नाही, पण सगळी भूतकाळी होती. त्या रात्री जेवताना मी 'पूर्वी' या शब्दाने वाक्य सुरू केलं. हिने वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी गोड पदार्थ नव्हता.

निकाल लागला, पास झालो, आणि पुढच्या वर्गाचं माहितीपत्रक घेऊन घरी आलो. त्यात लिहिलं होतं की ए-टूला विद्यार्थी कारणं देऊ लागेल, तुलना करू लागेल, आपलं मत मांडू लागेल, आणि दुसऱ्याने काय म्हटलं ते तिसऱ्याला सांगू लागेल. बी-वनला कर्मणी प्रयोग, ज्यात काम कोणी केलं हे न सांगता 'करण्यात आलं' एवढं सांगता येतं. बँकेत असताना याच प्रयोगावर आमची सगळी परिपत्रकं चालायची, त्यामुळे तिथे मला अडचण येणार नाही. त्याच वर्गात 'तू आधी सांगितलं असतंस तर' हे वाक्यही शिकवतात. मी हे सगळं उत्साहाने मोठ्याने वाचून दाखवलं. हिने माहितीपत्रक माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून ते स्वतः नीट वाचलं, उलटून फी पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "ए-वनच पुन्हा एकदा नाही का करता येणार?"